सत्तावीस सीची हिरवी पट्टी

माझ्या यंत्राचं कौतुक मी स्वतःच करणार आहे, हे आधी सांगून टाकतो. मी पुण्याचा, आडनाव दामले. दुसऱ्यानं कौतुक करण्याची वाट बघत बसलो असतो तर अजून बसलेलाच असतो. पण ही हकिकत लिहायला घेतली ती यंत्रासाठी नाही, सुवर्णा चौगुलेसाठी. चौकशीच्या अहवालात तिचं नाव जागोजागी आहे, आणि ती त्या दिवशी कशी उभी राहिली होती ते मात्र कुठेच नाही.

मार्च २०३९. मुंबईहून मॉरिशसला जाणारं सकाळचं विमान. माझी जागा २७ डी. मांडीवर टॅब्लेट, कारण आमची ‘सावली’ विमानांत बसवून जेमतेम सात महिने झाले होते आणि पहिलं वर्षभर अधूनमधून एखाद्या अभियंत्यानं सोबत प्रवास करायचा असं ठरलं होतं. खऱ्या आगीशी तिची गाठ अजून पडलेली नव्हती. पडू नये अशी सगळ्यांची इच्छा होती. माझीही होती, पण खरं सांगतो, थोडी कमी.

सावली म्हणजे काय, ते दोन मिनिटांत सांगतो. हवेच्या शंभर भागांत एकवीस भाग प्राणवायू असतो, बाकी बहुतेक नत्रवायू. माणसाच्या शरीराला टक्क्यांशी देणंघेणं नसतं. एका श्वासात प्रत्यक्ष किती प्राणवायू छातीत गेला, एवढंच ते बघतं. आगीचं उलट. तिला टक्का लागतो. प्राणवायू आहे तेवढाच ठेवून त्याच्याभोवती नत्रवायूची गर्दी वाढवली, की ज्वालेची सगळी उष्णता ती गर्दी तापवण्यातच संपते आणि ज्वाला मरते. माणूस मात्र श्वास घेत राहतो.

विमान उंचावर असताना आतल्या हवेचा दाब जमिनीवरच्या पाऊणपट ठेवलेला असतो. म्हणजे आणखी हवा भरायला वाव असतो आणि नव्या विमानांचं अंगही ते सोसतं. आगीची चाहूल लागली की सावली बाहेरच्या हवेतून नत्रवायू गाळून आत भरते. दाब जमिनीएवढा होतो, टक्का एकवीसवरून सोळावर येतो, आणि प्रवाशांना कानात दडे बसण्यापलीकडे काही कळत नाही. तेवढ्यानं भागलं नाही, तर मग खरोखरच प्राणवायू कमी करत ती चौदावर जाते. तिथे धडधाकट माणसाला लेहच्या बाजारात उभं राहिल्यासारखं होतं. दम लागतो, निभावतं. ज्वालेचं मात्र चौदाला निभावत नाही.

प्रश्न उरतो तो थकलेल्या छातीच्या माणसांचा. त्यांच्यासाठी फुंकनळी. विमानात चढताना प्रत्येकानं दारापाशी एका नळीत जोर लावून फुंकायचं. पासवर पट्टी उमटते: हिरवी, पिवळी किंवा लाल. लाल पट्टीवाल्यांना पहिल्या चार रांगांत बसवायचं, कारण प्राणवायूचे मुखवटे तिथे असतात. सगळीकडे मुखवटे देता येत नाहीत. त्यांतून गळणारा प्राणवायू आगीजवळ गेला तर तो तिला खाऊच. म्हणून लाल पट्टीचा माणूस मुखवट्यापासून लांब असला, तर तो पुढे पोहोचेपर्यंत सावली सोळाच्या खाली उतरतच नाही. कुणाला मागे टाकून पुढे जायचं नाही, हा तिचा धर्मच आम्ही घालून दिला होता.

माझ्या पलीकडे, मधली वाट सोडून, २७ सीमध्ये केरबा चौगुले बसले होते आणि त्यांच्या शेजारी त्यांचे दोस्त हिंदुराव. दोघंही करवीर तालुक्यातले. तीस वर्षं एकाच गुऱ्हाळावर, हिंदुराव पाक शिजवणारे गुळव्या आणि केरबा खालच्या चुलवाणाला जाळ घालणारे. मॉरिशसच्या मराठी मंडळानं त्यांना बोलावलं होतं. उसाचं बेट, साखर ढीगभर, पण काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, शिजणारा गूळ तिथल्या पोराबाळांनी बघितलेला नाही. तो करून दाखवायचा होता.

ही माहिती मला विमान सुटायच्या आत मिळाली. आणखी एक मिळाली. केरबांनी कोपरानं मला खुणावलं आणि पुढे दाराशी उभ्या असलेल्या मुख्य सेविकेकडे हनुवटी उडवली.

“पोरगी हाय माझी. समद्यांची म्होरकी हाय ती हितं.”

थोड्या वेळानं ती म्होरकी गाडा ढकलत आमच्यापर्यंत आली. तिशीची, सावळी, केस घट्ट बांधलेले. वडिलांकडे बघून तिनं अगदी परक्यासारखं विचारलं, “सर, चहा घेणार?”

“घेतो की, मॅडम,” केरबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. हिंदुरावांना हसू आवरेना. ती पुढे गेल्यावर केरबांनी मला समजावलं, “कामावर असताना वळख दाखवायची न्हाई, असं ठरलंय आमचं.”

ते बोलताना दर तिसऱ्या शब्दाला थांबत होते. ओठांचा चंबू करून हळूच फुंकर घातल्यासारखा श्वास सोडत होते आणि खोकला पंचाच्या टोकात दाबत होते. मी त्यांच्या पासकडे नजर टाकली. हिरवी पट्टी, ठसठशीत. माझं समाधान झालं. आपल्या यंत्रावर विश्वास बसलेला माणूस शेजाऱ्याचा खोकला ऐकत नाही, हे मी आता शिकलोय.

साडेतीन तास झाले. खाली नुसता समुद्र. जेवणं आटोपली होती. सुवर्णा गरम पाण्याचा पेला घेऊन वडिलांपाशी आली आणि त्यांनी तो न बोलता घेतला. ती वळणार तेवढ्यात केरबा हिंदुरावांना हळू आवाजात म्हणाले, “पाक करपतोय रं.”

“गप की. इमानात कसला पाक?”

“गोड वास हाय. जळका.”

त्यानंतर सावलीची घंटा वाजली. मी पुढे नोंद तपासली. केरबा माझ्या यंत्राच्या चाळीस सेकंद आधी बोलले होते. हे मी इथं लिहितोय, अहवालात लिहिलं नाही.

आग आमच्या डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात होती. कुणाच्या तरी पाण्याखालच्या दिव्याची भलीमोठी बॅटरी आतल्या आत तापत गेली होती. विमानात आग लागली की सेविकांची एक रीत असते. एक भिडते, एक आणून देते, एक बोलते. हुद्दा बघत नाहीत. जी आधी पोहोचली ती भिडते. सुवर्णा तिथंच उभी होती, म्हणून भिडणारी ती झाली. वसईची ग्रेस पाण्याच्या बाटल्या आणायला पळाली. तिसरी फोनवर वैमानिकाशी बोलू लागली आणि शेवटपर्यंत बोलत राहिली: काय दिसतंय, कुठल्या रंगाचा धूर, किती माणसं हलवली.

सुवर्णानं कप्प्याच्या झाकणावरून उलटा हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मधोमध येताच हात झटकन मागे घेतला. “इथं आहे. उघडायचं नाही अजून.” मग तिनं धुराची टोपी डोक्यावर चढवली, हातमोजे घातले आणि आसपासच्या प्रवाशांना वाकून, नाकाला ओला कपडा लावून पुढे सरकायला सांगितलं. आवाज चढवला नाही. दोनशे माणसं घाबरणार की नाही, हे पुष्कळदा पहिल्या वाक्याच्या पट्टीवर ठरतं. तिचा तो स्वर ऐकून मीसुद्धा घाबरायचा राहिलो.

कानात दडे बसले. टॅब्लेटवर आकडे उतरू लागले. एकोणीस, सतरा, सोळा. फटीतून नारिंगी जीभ बाहेर आली होती, ती आखडली, पण गेली नाही. सावलीनं सगळ्या जागा तपासल्या. मागे एकही लाल नाही, रस्ता मोकळा. ती आणखी खाली निघाली. साडेपंधरा. पंधरा.

केरबा जागेवरच होते. “माणसं जाऊ देत, मी सावकाश येतो,” म्हणत होते, आणि त्यांचे ओठ जांभळे पडत होते.

सुवर्णानं त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे वळली. टोपीच्या काचेमागे तिचे डोळे दिसत होते.

“सर, २७ सी लाल करा.”

“हिरवी आहे ती,” मी म्हणालो. माझ्या यंत्राची बाजू घ्यायची मला इतकी सवय!

“ती पट्टी खोटी आहे. लाल करा.”

“त्याला तुमचा ठसा लागेल. नोंद राहील, की तुम्हाला माहीत होतं.”

तिनं दातांनी नाही, घाईनं नाही, नीट उजव्या हाताचा मोजा काढला आणि माझ्या टॅब्लेटवर अंगठा दाबला. लगेच मोजा परत चढवला.

सावलीनं तिचं ऐकलं. पंधरावरचा आकडा परत सोळाकडे चढू लागला, आणि आखडलेली जीभ पुन्हा लांब झाली. छताचा तक्ता तपकिरी पडायला लागला. तो पेटला असता तर त्याच्यामागे विजेच्या तारांचे जुडगे होते, आणि सर्वांत जवळची धावपट्टी, सेशल्समधल्या माहे बेटावरची, सव्वा तास लांब. एका माणसासाठी बाकीचे सगळे थांबले होते, आणि तो माणूस तिचा बाप होता.

मला वाटलं, ती त्यांना उचलायला धावेल. कुणीही धावलं असतं.

“सर, तुम्ही आणि हिंदुकाका त्यांना पुढे न्या,” ती म्हणाली. “मी इथून हलत नाही.”

“सुवर्णे,” केरबांनी हाक मारली.

“आबा, जावा तुम्ही.” वळख दाखवायची नाही हे ठरलेलं तिथंच मोडलं.

“जाळाकडं बघू नगंस. तळ गार कर. जाळ मेला तरी इंगळ जित्ता असतोय, पोरी.”

“व्हय आबा,” ती म्हणाली आणि पाठ फिरवली. त्यानंतर तिनं एकदाही मागे बघितलं नाही.

मी केरबांना खांद्याला धरून उठवायला गेलो, पण ते मटकन खाली बसले. हिंदुरावांनी मला बाजूला केलं. “साहेब, काहील उचलायची रीत हाय. माझं मनगाट धरा, मी तुमचं धरतो.” आमच्या हातांवर केरबा बसले आणि आम्ही आडवे चालत निघालो. धगधगता पाक अंगावर सांडू न देता सत्तर वर्षांचा तो गुळव्या आयुष्यभर असंच चालला असणार. मी दोनदा अडखळलो, तो एकदाही नाही. लोक पाय आखडून घेत होते.

“त्येच्या जाग्याला नळीत म्या फुकलं हो, साहेब,” हिंदुराव चालता चालता म्हणाले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. “चुलवाणावर त्येला धाप लागली की म्या जायचो त्येच्या जाग्याला. हितंबी तसंच गेलो. त्यात काय वाईट वाटलं न्हाई बगा.”

“अहो पण का?”

“तांबडी आली की घरला पाठवत्यात म्हणं.”

“घरी कुणाला पाठवत नाहीत! पुढे बसवतात नुसतं!”

केरबांनी डोळे उघडले. “मग तसं लिवलंय कुठं?” त्यांनी विचारलं आणि पुन्हा मिटले.

लिहिलं होतं. पासच्या मागच्या बाजूला, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि धोक्याला लाल रंग मीच निवडला होता. बैठकीत कुणी हरकत घेतली नव्हती, कारण बैठकीत सगळे आमच्यासारखेच होते.

दुसऱ्या रांगेत मुखवटा त्यांच्या तोंडावर बसला. मी टॅब्लेटवर जागा बदलली. सत्तावीसपासून इथपर्यंत आम्हाला बावन्न सेकंद लागले होते. सावली जणू दाराशी उभी असावी तशी क्षणात निघाली. पंधरा, साडेचौदा, चौदा. माझं डोकं हलकं झालं, आणि लांब मागे, धुराच्या पडद्यात, नारिंगी उजेड विझला. मी दिलेल्या गणितानं एक आग मेली होती. मला रडू आलं, सांगायला लाज नाही.

पण ज्वाला मेली तरी बॅटरी मरत नाही. तिला हवा नको असते. तिची उष्णता तिच्या पोटातच तयार होते. सावलीनं आजूबाजूचं काही पेटू दिलं नाही, पुढचं काम माणसाचं. सुवर्णानं झाकण बोटभर किलकिलं केलं, बाटलीचं तोंड आत घातलं आणि पाणी तळाला सोडलं. आतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. दुसरी बाटली. तिसरी. पाणी संपलं तेव्हा ग्रेसनं संत्र्याचा रस दिला, मग सोडा, मग गार केलेला चहा. लेहच्या हवेत, तोंडावर टोपी, हात डोक्याच्या वर, अशी ती सव्वीस मिनिटं ओतत होती. मी केरबांपासून उठून दोन रांगा चाललो तर मला धाप लागली, म्हणून सांगतो. धूर थांबल्यावर ग्रेस म्हणाली, “झालं आता.” सुवर्णानं नकारार्थी मान हलवली आणि आणखी ओतत राहिली. शेवटी मोजा काढून तिनं झाकणावर उलटा हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

माहेला सगळे प्रवासी पायी उतरले. एक सोडून. केरबा चाकाच्या खुर्चीत, आणि तिच्यात बसवल्याबद्दल नाराज.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही अहवाल लिहायला बसलो. आत केरबा झोपले होते. डॉक्टरांनी आठवडाभर ठेवून घेतलं होतं. सुवर्णाच्या गणवेशावर संत्र्याच्या रसाचे डाग वाळले होते.

“दारात त्यांची हिरवी पट्टी बघितली, तेव्हाच मला कळलं होतं,” ती म्हणाली. “घरातले आठ पायठे चढताना दोनदा थांबतात ते. पण मी गप्प बसले. दहा वर्षं विमानात काम करतेय, सर. आबांनी मला एकदा काम करताना बघावं, एवढीच हौस होती. त्यांनाही तीच असणार.”

मी इकडेतिकडे बघितलं. मग जे सुचलं ते बोललो. “आपण लिहू या की नळी चुकली. सात महिन्यांत एखादी नळी चुकू शकते. तुमची नोकरी राहील. माझं काय, मी घेईन ऐकून.”

मोह तिलाही झाला असणार. दगडाची नव्हती ती.

“मग तुम्ही दुरुस्त काय कराल?”

“नळी.”

“नळी तर चांगली आहे, सर. चांगली नळी तुम्ही दुरुस्त करत बसाल, आणि पुढच्या विमानात दुसऱ्या कुणाचे तरी आबा हिरवी पट्टी घेऊन मागे बसतील. तिथं त्यांची लेक उभी नसेल.”

तिनं माझ्याकडून पेन घेतलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: मला माहीत होते. मी बोलले नाही. त्याखाली मी माझं लिहिलं. लाल रंगाचं आणि मुंगीएवढ्या अक्षरांचं. तिच्याआधी मला ते सुचलं नव्हतं, हेही इथं लिहून ठेवतो.

चौकशी होईपर्यंत तिला उड्डाणाच्या कामातून बाजूला ठेवलं. गणवेश जमा झाला. तिनं रजा टाकली आणि वडिलांबरोबर मॉरिशसला गेली. तिथं केरबांनी खुर्चीत बसून, धुरापासून वीस पावलं लांबून, जाळ कसा घालायचा ते लोकांना ओरडून सांगितलं. गूळ उत्तम झाला म्हणे. ढेप माझ्याकडे आली, म्हणून मी साक्ष देऊ शकतो.

तीन आठवड्यांनी परतीच्या विमानाला मीही होतो. रांग मोठी होती, बहुतेक आपल्याकडचे सहलीला आलेले लोक. केरबांच्या मागे सुवर्णा, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, आणि तिच्यामागे नाशिकच्या एक आजी आणि त्यांची सून. आजींनी गुपचूप आपला पास सुनेच्या हातात दिलेला मी बघितला. सून नळीसाठी पुढे सरकत होती.

केरबांची पाळी आली. हिंदुराव सवयीनं एक पाऊल पुढे आले, आणि केरबांनी त्यांना हातानंच थांबवलं. मग त्यांनी नळी तोंडात धरली, डोळे मिटले आणि फुंकलं. फार काही निघालं नाही. पासवर पट्टी उमटली.

त्यांनी पास डोक्यावर धरला आणि सगळ्या रांगेला दाखवला.

“तांबडी हाय! बगून घ्या! घरला न्हाई पाठवत कुणी. फुडं बसवत्यात आन् लागली तर तोंडाला हवाबी देत्यात. लपवू नगा!” एवढं बोलून त्यांना धाप लागली आणि ते हसत सुवर्णाच्या खांद्याला टेकले.

नाशिकच्या आजींनी सुनेच्या हातातून पास काढून घेतला. “आण इकडे,” त्या म्हणाल्या. “माझी मी फुंकते.”

त्या दिवशी त्या एका विमानात लाल पट्ट्या निघाल्या चौदा. सात महिन्यांची आमची सरासरी होती तीन. मी टॅब्लेटवरचा तो आकडा बघत राहिलो. सात महिने आम्ही दर विमानात अशी माणसं मागे बसवून उडत होतो, आणि माझी सावली त्यांना धडधाकट समजत होती.

पहिल्या चार रांगा भरल्या. चौदा जणांना बसवताना तिथल्या सेविकांची तारांबळ उडाली, तेव्हा सुवर्णा न राहवून उठली. तिनं आजींची पिशवी वर ठेवली, पट्टा लावून दिला आणि मुखवटा कुठून खाली येतो ते हातानं दाखवलं. मग ती परत आली.

“मॅडम, पानी मिळंल का?” केरबांनी विचारलं.

“मी आज मॅडम नाही, आबा.”

“ते तू ठरवू नगंस,” केरबा म्हणाले, आणि खिडकीकडे सरकून त्यांनी तिला बसायला जागा केली.